समजून घ्या : माशांनाही ‘गाव’ असतं? डीएनए काय सांगतो

पहिला मुसळधार पाऊस झाला की सालवड, बोईसर परिसरात वलगणीच्या माशांचे वेध लागतात. अंडी घालायला उलट्या प्रवाहात चढणारे शिवडा, शिंगटी, खवल. पण सूर्या नदीतला मासा आणि दुसऱ्या खोऱ्यातला तसाच दिसणारा मासा एकच का? दरवेळी नाही.

गोड्या पाण्यातला मासा डोंगर किंवा समुद्र ओलांडून सहसा दुसऱ्या नदीत जात नाही. हजारो पिढ्या वेगळ्या राहिल्या की जनुकंही वेगळी होतात.

कावेरीचं उदाहरण घ्या. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली निळ्या परांच्या महाशीरची पिल्लं १९७० च्या दशकात तिथे पोहोचली. हेतू संवर्धनाचाच होता. पुढे हा पाहुणा फोफावला आणि तिथला मूळ, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर दिसेनासा होत गेला. धरणं, सुरुंगाची मासेमारी ही कारणंही होतीच. २०१८ मध्ये डीएनएच्या मदतीने तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं स्पष्ट झालं. म्हणजे ओळख पटली तेव्हा तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत जाण्याच्या बेतात होता!

म्हणून नदीत बीज सोडताना ते कुठल्या खोऱ्यातलं, हे विचारायला हवं. वलगणीतही तेच. पोटात अंडी असलेली मादी पकडली, तर त्या ओढ्याची पुढची पिढीच पातेल्यात जाते.