विजेचे बिल वाचावे कसे?

मध्यमवर्गीय घरात हिशेबाची शिस्त नाही, असे कोणी म्हणणार नाही. दुधाचे खाडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडलेले असतात; इस्त्रीला गेलेल्या कपड्यांची संख्या वहीत टिपली जाते; रद्दीवाल्याच्या तराजूवर घरातील दोन डोळे खिळलेले असतात; आणि वाण्याच्या यादीची बेरीज पुन्हा एकदा पडताळून पाहिल्यावाचून पैसे हातचे सुटत नाहीत. याच घरात महिन्याकाठी एक कागद मात्र असा येतो की, त्यावरील शेवटचा आकडा आणि भरण्याची मुदत यांपलीकडे कोणी काही पाहत नाही. तो कागद म्हणजे विजेचे बिल. आता पुष्कळ ठिकाणी तो कागदही उरलेला नाही. मोबाइलवर संदेश येतो, बोट टेकले की रक्कम जाते, आणि विषय तेथेच संपतो.

या अनास्थेची किंमत दोन प्रकारांनी द्यावी लागते. पहिली म्हणजे, वीज कोठे खर्च होते हे ठाऊक नसल्यामुळे काटकसर भलत्याच ठिकाणी केली जाते. दुसरी किंमत अधिक जबर आहे. संध्याकाळी घरातील वृद्ध गृहस्थांच्या मोबाइलवर एक संदेश येतो : ‘आपले मागील महिन्याचे बिल नोंदले गेलेले नाही. आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल. ताबडतोब अमुक नंबरावर अधिकाऱ्याशी बोलावे.’ असे संदेश 2022 सालापासून देशभर अनेक घरी येऊन गेले आहेत. घाबरलेला माणूस त्या नंबरावर फोन करतो. पलीकडचा गोडबोल्या ‘अधिकारी’ त्याला मोबाइलमध्ये एखादे अॅप उतरवून घ्यावयास सांगतो, दहा रुपये भरून पाहावयास सांगतो, आणि त्या अॅपच्या द्वारे मोबाइलचा पडदा आपल्या नजरेखाली आणून बँकेतील शिल्लक धुऊन नेतो. आयुष्यभर पैशापैशाचा हिशेब ठेवणारी माणसे या जाळ्यात सापडतात. कारण त्या एका कागदाविषयी त्यांना काहीच खात्रीने सांगता येत नसते. ज्याला आपले बिल वाचता येते, त्याला असे भेवडावणे कठीण असते. तेव्हा हे वाचन कसे करावे, ते पाहणे इष्ट होईल.

आरंभ ‘युनिट’ या शब्दापासून करावा लागेल. हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याचा अर्थ विचारला असता बहुतेक जण घोटाळतात. वस्तुतः तो अगदी सोपा आहे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. उपकरणावर वॅटचा आकडा छापलेला असतोच. त्याला वापराच्या तासांनी गुणावे आणि हजाराने भागावे, युनिट मिळतात. चौथीतल्या मुलाला येईल एवढेच हे गणित आहे.

आता ते घरातील वस्तूंना लावून पाहावे. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास जळला, तर महिन्याला दीड युनिटपेक्षा थोडी अधिक वीज लागते. पाणी तापवण्याचा गीझर बहुधा दोन हजार वॅटचा असतो. तो रोज अर्धा तास तापत राहिला, तर महिन्याचे तीस युनिट होतात. म्हणजे एक गीझर सुमारे अठरा दिव्यांइतका खर्च करतो. असे असता मुले अभ्यासाच्या खोलीतील दिवा विसरली म्हणून घरात आरडाओरडा होतो, आणि गीझर मात्र स्नान उरकल्यावरही तासभर चालू राहिला तरी त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. दिवा डोळ्यांना दिसतो, गीझर दिसत नाही, एवढेच याचे कारण.

पंख्याचेही असेच आहे. छताचा जुन्या धर्तीचा पंखा सुमारे 75 वॅट घेतो. बीएलडीसी नावाचे नवे पंखे तीसच्या आसपास घेतात. रोज दहा तासांच्या वापरात पहिल्याला महिन्याला साडेबावीस युनिट लागतात, दुसऱ्याला नऊ. नवा पंखा महाग असतो हे खरे. तथापि ज्या खोलीत पंखा रात्रंदिवस फिरतो तेथे तो घेण्यात शहाणपण आहे, आणि जेथे पाहुणा आला तरच कळ दाबली जाते तेथे जुनाच ठेवण्यात शहाणपण आहे. सरसकट सर्व पंखे बदलण्याचा सल्ला देणारा विक्रेता आपले हित पाहतो. ग्राहकाने तास मोजून आपले पाहावे.

खरेदीच्या वेळी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या पट्टीविषयीही दोन शब्द सांगणे जरूर आहे. ही योजना ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2006 साली सुरू केली. लोक तारे मोजतात आणि पुढे जातात. परंतु त्या पट्टीवर त्याहून उपयोगाच्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे साल. ताऱ्यांची कसोटी अधूनमधून कडक केली जाते. म्हणून जुन्या सालचे पाच तारे नव्या कसोटीला कमी भरू शकतात. दुसरी म्हणजे वर्षाला किती युनिट लागतील याचा आकडा. शीतकपाटावर 240 हा आकडा असेल, तर महिन्याला वीस युनिट धरावेत. वातानुकूलन यंत्रावरील आकडा मात्र वर्षाला 1,600 तास वापर गृहीत धरून काढलेला असतो. ज्या घरी ते यंत्र त्याहून अधिक चालते, त्या घराने तो आकडा त्या प्रमाणात वाढवून घ्यावा. याच यंत्रांत 1 जानेवारी 2020 पासून मूळचे तापमान 24 अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले आहे. अठरा अंश लावल्याने खोली लवकर थंड होते, ही समजूत चुकीची आहे. साध्या यंत्राची थंड करण्याची गती तीच राहते, ते फक्त अधिक वेळ राबते.

उपकरणांकडून आता मीटरकडे वळावे. हल्लीच्या मीटरवर आकडे आळीपाळीने येतात : तारीख, वेळ, दाब इत्यादी. ज्या आकड्याबरोबर ‘केडब्ल्यूएच’ ही इंग्रजी अक्षरे दिसतात, तो युनिटांचा आकडा. दर महिन्याच्या एक तारखेला, ठरावीक वेळी, तेवढा लिहून ठेवावा. या आकड्यातून मागील महिन्याचा आकडा वजा केला की घराचा वापर कळतो. बिलावर ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ या नावांनी हीच वजाबाकी छापलेली असते. बिलातील चालू रीडिंग मीटरवरील आजच्या आकड्यापेक्षा मोठे असेल, तर काही चूक झाली हे उघडच होय. कारण मीटर मागे फिरत नाही. तसेच मीटर वाचता न आल्यामुळे सरासरीने बिल आकारले असेल, तर तीही नोंद बिलावर असते, ती शोधावी.

मीटर जलद धावतो अशी शंका पुष्कळांना येते. तिची ढोबळ परीक्षा घरीच होऊ शकते. मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो, आणि किती लुकलुकींना एक युनिट होते हे मीटरवरच छापलेले असते. समजा, तो आकडा 3,200 आहे. घरातील सर्व काही बंद करून फक्त जुन्या तारेचा शंभर वॅटचा एक दिवा लावावा आणि घड्याळ लावून तीन मिनिटे मोजावे. सुमारे सोळा लुकलुकी झाल्या, तर मीटर ठीक आहे. विजेचा दाब कमीजास्त असल्यामुळे एकदोनांचा फरक पडेल. वीसबावीस होऊ लागल्या, तर तक्रारीस जागा आहे. आणि सर्व कळा बंद केल्यावरही लुकलुक चालूच राहिली, तर दोष मीटरचा की घरातील तारांचा, हे जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावे.

युनिट कळले म्हणजे रक्कम कळली असे मात्र नाही; मध्ये दराचे टप्पे येतात. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, आणि ते पहिले 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर, अशा चढत्या पायऱ्यांनी आकारले जातात. येथे एक गैरसमज घरोघरी आढळतो. शंभराच्या वर एक युनिट गेले की सर्वच युनिटांना वरचा दर लागतो, असे लोक समजतात. तसे नाही. दीडशे युनिट झाले, तर पहिल्या शंभरांना पहिलाच दर लागतो. वरच्या पन्नासांनाच दुसरा. यातून एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न होते. घरात जे युनिट वाचते, ते नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग पायरीतले असते. म्हणून मोठ्या वापराच्या घरी थोडी काटकसरही बिलात चांगली दिसते.

याच पायऱ्यांमुळे सरासरीच्या बिलाकडे डोळेझाक करू नये. दोन महिने मीटर वाचला गेला नाही आणि तिसऱ्या महिन्यात सर्व युनिट एकदम धरले गेले, तर वापर उगाच वरच्या टप्प्यात चढतो. तेव्हा ते युनिट त्या त्या महिन्यांत वाटून टप्प्यांचा हिशेब झाला आहे की नाही, हे पाहावे. नसल्यास तशी लेखी मागणी करावी. ज्याच्या वहीत दर महिन्याचा आकडा असतो, त्याच्या मागणीला पुरावा असतो; इतरांच्या हाती केवळ कुरकुर उरते.

विजेच्या आकाराखेरीज बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे रकाने असतात. पैकी स्थिर आकार घराला कुलूप असले तरी द्यावा लागतो. इंधन समायोजन आकार इंधनाच्या किमतीप्रमाणे कमीजास्त होतो. वापर तेवढाच असून रक्कम बदलली, तर प्रथम हा रकाना पाहावा. वर्षातून एकदा कधीकधी सुरक्षा ठेवीचे निराळे बिल येते. त्यामुळे दुप्पट बिल आले अशी ओरड होते. वस्तुतः ती ठेव आहे, ग्राहकाच्या नावावर राहते आणि तिच्यावर व्याजही मिळते.

इतके पाहूनही बिल चुकीचे वाटले, तर काय करावे? तक्रार लेखी द्यावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीचे नियम केंद्र सरकारने 2020 साली केले. त्यांत 2024 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, नोंदलेला वापर प्रत्यक्षाशी जुळत नाही अशी तक्रार आली असता, पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवावा आणि निदान तीन महिने त्यावर वापर ताडून पाहावा, अशी तरतूद आहे. तेवढ्यानेही समाधान न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. तोवर वीज तुटेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. वीज कायदा, 2003, याच्या कलम 56 प्रमाणे वादग्रस्त रक्कम, अथवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत त्या कारणासाठी वीज तोडता येत नाही.

याच कलमात रात्री साडेनऊच्या त्या संदेशाचे उत्तर आहे. बिल खरोखरच थकले असले, तरी वीज तोडण्यापूर्वी पुरत्या पंधरा दिवसांची नोटीस देणे कायद्याने भाग आहे. आज संध्याकाळी कळवून आज रात्री वीज तोडणारा अधिकारी कायद्याला ठाऊक नाही. असा संदेश आला असता त्यातील नंबरावर फोन करू नये. बिलावर छापलेल्या नंबरावरच चौकशी करावी, आणि कोणाच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये अॅप उतरवू नये. तरीही कोणी फसलाच, तर शरमेने गप्प बसणे ही दुसरी चूक होईल. तत्क्षणी 1930 या नंबरावर कळवावे आणि बँकेलाही कळवावे. पैसे पुढे सरकण्याच्या आत खबर पोचली, तर ते अडवले जाण्याचा संभव असतो. घरातील तरुणांनीही अशा वेळी वडीलधाऱ्यांना बोल लावू नयेत. बोल लागेल या भीतीनेच पुष्कळ खबरी उशिरा पोचतात.

या सर्वांसाठी निराळी वही घालावी लागेल असेही नाही. दुधाचे खाडे जेथे मांडले जातात, त्याच दिनदर्शिकेवर एक तारखेच्या चौकोनात मीटरचा आकडा लिहावा, आणि हे काम घरातील शाळकरी मुलाकडे सोपवावे. वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांचा खरा उपयोग त्याला शाळेच्या फळ्यापेक्षा त्या चौकोनात लवकर कळेल. आणि पुढे कधी रात्री साडेनऊचा संदेश आलाच, तर आजोबांच्या आधी तोच सांगेल की, या महिन्याचे बिल किती होते आणि कोणत्या तारखेला भरले.