आधी पदवी की थेट सेमिनरी?

फादर व्हायची ओढ लागलेला वसईतला मुलगा बारावी झाला की घरात प्रश्न उभा राहतो: लगेच सेमिनरीत पाठवायचे की आधी कॉलेज करू द्यायचे? मला वाटते, मन पुरते ठरले नसेल तर आधी पदवी घ्यावी. चर्चला स्वतःलाही घाई नाही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने सेमिनरी काढण्याचा आदेश दिला, तेव्हा बारा वर्षांची मुलेही घ्यायची सोय ठेवली होती. १९८३ चा चर्चचा कायदा मात्र २५ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा देऊ देत नाही. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचा अभ्यास किमान सहा वर्षांचा, आणि २०१६ पासून त्याआधी एक-दोन वर्षांची पूर्वतयारीही आहे. एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन आलेला तरुणसुद्धा तिशीच्या आत धर्मगुरू होऊ शकतो. हाच कायदा सांगतो की दीक्षेसाठी कुणावर कसलीही बळजबरी करायची नाही. आपण राजीखुशीने येत आहोत, हे उमेदवाराने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे असते. पण मुलगा सेमिनरीत आहे हे सगळ्या धर्मग्रामाला ठाऊक असते, मिस्सानंतर लोक आईचे अभिनंदन करतात. पाच वर्षांनी त्याला कळले की हे आयुष्य आपले नाही, आणि हातात ना पदवी ना धंदा, तर त्याचा पाय निघत नाही. असा नाइलाजाने राहिलेला फादर स्वतःही दुःखी होतो आणि ज्यांच्यासाठी तो आला तेही.

कॉलेजात फादर होण्याचे पाचारण विझून जाईल, ही भीती घरोघरी बोलून दाखवली जाते. मुलाला एकटे सोडले तर तसे होऊही शकते. म्हणून आध्यात्मिक मार्गदर्शक आणि धर्मग्रामातले काम त्या तीन वर्षांत सुटता कामा नये. आजचे पोप लिओ चौदावे, म्हणजे रॉबर्ट प्रेव्होस्ट, यांनी १९७७ मध्ये व्हिलानोव्हा विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टिनियन संघात प्रवेश केला. याउलट जोसेफ रात्झिंगर, पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, १९३९ मध्ये जेमतेम बारा वर्षांचे असताना लहान सेमिनरीत गेले. काहींचे मन लवकर ठरते, आणि पोरगा विसरेल या आशेने त्याला कॉलेजात अडकवणे हीही बळजबरीच.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: पाचारण पारखण्याची जागा सेमिनरीच आहे, मग बाहेर कशाला थांबायचे? हे खरे आहे. तिथून परतलेला मुलगा नापास झालेला नसतो. आपल्या समाजाने त्याच्याकडे तसे बघणे थांबवले पाहिजे. शिवाय काही ठिकाणी सेमिनरीत राहूनच विद्यापीठाची पदवी घेता येते. तशी सोय असेल तर माझा आग्रह बराच सैल होतो. मात्र प्रवेशाआधीच आईवडिलांनी तिथल्या फादरांना थेट विचारावे: मुलगा मधेच बाहेर पडला तर त्याच्या हातात कोणती पदवी असेल, आणि ती नोकरीसाठी चालेल का?