एका गाण्याचे धनी

१९६९ मध्ये अमेरिकेत झेगर आणि इव्हान्स या जोडीचे एक गाणे सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. पुढे त्यांचे एकही गाणे तसे गाजले नाही. आपल्या स्नेहल भाटकरांचेही हिंदीत काहीसे असेच झाले. मुबारक बेगम यांनी गायलेले ‘हमारी याद आएगी’चे (१९६१) शीर्षकगीत सर्वांना आठवते, संगीतकार फारसा कुणाला आठवत नाही. राज कपूर-मधुबालाच्या ‘नीलकमल’चे (१९४७) संगीतही त्यांचेच, आणि मराठीत ते भजनगायक म्हणून नावाजलेले. एका गाण्याने नाव होते, पण उरलेले काम त्याच गाण्याआड झाकले जाते. येळ्ळूर परिसरात घरोघरी मराठी-कन्नड जुनी गाणी लागतात. मुलांना गाण्याबरोबर संगीतकाराचे नावही सांगूया. एवढे तरी आपल्या हाती आहे!