अडखळत्या बोलाला उसंत

साताऱ्यात आमच्या लहानपणी मूल अडखळू लागले की जिभेला वेखंड उगाळून लावत. मलाही लावले, बोलणे सुटले नाही, बोलण्याची धास्ती मात्र बसली. पुढे वाचनातून उलगडले की दोष जिभेचा नव्हताच. तोतरेपणाचे मूळ मेंदूच्या वाचा-नियंत्रणात असते. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. सुमारे ५ टक्के मुले कधी ना कधी अडखळतात, बहुतेकांचे आपोआप सुटते. सहा महिन्यांहून अधिक टिकले, तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठावा.

तज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे मी पुतण्याजवळ रोज १० मिनिटे बसतो. मी सावकाश बोलतो, त्याचे वाक्य पुरे करीत नाही. पहिला ध्वनी हलकेच सोडायचा, हा आमचा खेळ. ओवी तो न अडखळता म्हणतो. लयीत शब्दाची वेळ आधीच ठरलेली असते. ‘नीट बोल’ हे दोन शब्द तेवढे आम्ही घरातून हद्दपार केले आहेत.