भोक मोठं केलं की बोल्ट घट्ट बसतो

सायकलच्या फ्रेमला कॅरियर धरून ठेवणारा बोल्ट बहुधा 5 मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याचे आटे एकमेकांपासून फक्त 0.8 मिलिमीटरवर. ॲलन कीचा एक फेरा पुरा करताना हात अर्धा मीटर फिरतो, बोल्ट मात्र तेवढा 0.8 मिलिमीटरच आत सरकतो. अंतर खर्ची घालायचं आणि जोर कमवायचा, असा हा व्यवहार. त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा घर्षण खाऊन टाकतं. तरीही हाताने पाच किलोचा रेटा दिला, तर बोल्ट तीन-चारशे किलोच्या ताकदीने आवळतो! दिवे घाट दांड्याभोवती गुंडाळावा, तसा हा आटा.

आता हा सगळा भार किती आट्यांवर? बोल्ट ताणला जातो, भोकाचा धातू दाबला जातो, त्यामुळे ओझं सारखं वाटलं जात नाही. डोक्याकडचा पहिला आटाच जवळजवळ एक तृतीयांश भार उचलतो, पुढचे दोन-तीन उरलेला बराचसा, आणि मागचे नुसते हजेरी लावतात. बारामतीहून भवानीनगर, निमगाव केतकी करत इंदापूरकडे जाणाऱ्या सायकलच्या कॅरियरवर दुधाची किटली किंवा वैरणीचा भारा असेल, तर बोल्ट जरा सैल झाला की हादऱ्याहादऱ्याला तोच पहिला आटा कुरतडला जातो. तो गेला की भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. शेवटी बोल्ट नुसता फिरत राहतो. आटे गेले.

सगळेच गेलेत का, हे आधी बघावं. बोल्ट तिरका घुसून फक्त तोंडाचे आटे चेंगरले असतील आणि भोक आरपार असेल, तर टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मागच्या बाजूने घालायचा. तिकडचे शाबूत आटे टॅपला वाट दाखवतात आणि तो पुढचे बिघडलेले सरळ करत बाहेर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. लोखंडाला तेल, ॲल्युमिनियमला रॉकेलही चालतं. घाई केली तर टॅप आतच मोडतो, आणि टॅपचं पोलाद इतकं कडक की साध्या ड्रिलने ते निघत नाही.

धातूच उरला नसेल तर? मला सगळ्यात आवडतो तो उपाय इथे येतो. भोक 5.2 मिलिमीटरचं करायचं, म्हणजे जुन्या आट्यांचं नावनिशाण पुसायचं. मग खास टॅपने मोठे आटे पाडायचे आणि त्यांत स्टेनलेस तारेची स्प्रिंग फिरवत बसवायची. तारेचा छेद चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखा असल्याने तिची बाहेरची धार फ्रेममध्ये रुतते आणि आतली धार बोल्टसाठी नवा आटा होते, तोही जुन्याच 5 मिलिमीटरच्या मापाचा. खालची शेपटी ठोकून मोडली की काम झालं. बोल्टचे फेरे आता पोलादावर घासतात. ॲल्युमिनियमवरची पकड रुंद झालेली असते, आणि तार लवचीक असल्यामुळे पहिल्या आट्याची मक्तेदारीही थोडी मोडते. दुरुस्त भोक मुळापेक्षा मजबूत निघतं ते यामुळे. स्कूटरच्या ॲल्युमिनियम हेडमधले स्पार्क प्लगचे आटे गेले तरी हेच करतात, त्यामुळे ज्या गावात लेथ आहे तिथे हे काम नवं नाही. ऊस, पंप आणि ट्रॅक्टरच्या या मुलखात लेथवाल्याला फार शोधावं लागत नाही.

भोकाभोवती धातू पातळ असेल तर मात्र हा खेळ करू नये, कड फाटते. लोखंडी फ्रेमला आणखी एक वाट आहे: भोक पितळाने भरून घ्यायचं आणि नव्याने पाडायचं.

सगळ्यात फसवं भोक फ्रेममधलं, क्रँकच्या धुरीचं. आपल्याकडच्या बहुतेक साध्या सायकलींत त्याचं माप 1.37 इंच, इंचाला 24 आटे. डावी बाजू नेहमीसारखी, उजवी उलट्या आट्यांची, कारण पायडल मारताना धुरीचं बेअरिंग धरणारा साखळीकडचा कप आपोआप सुटत जाऊ नये. हे माहीत नसलेला माणूस उजवा कप काढण्यासाठी लांब पाना लावतो आणि सगळं अंग टाकून तो अधिकच आवळत जातो. तिथले आटे गेले तर उलट्या आट्यांचा टॅप लागतो, आणि 1.37 इंचाचा टॅप काही प्रत्येक लेथवाल्याच्या खणात नसतो.