दिवसभर डोळे कुठे असतात?

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, 'लेन्स कुठली घालायची? इंडियन की इम्पोर्टेड?' मी कोल्हापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशनआधीची मोजणी माझ्याकडे असते. हा प्रश्न आला की मी उलट विचारते, 'दिवसभर तुमचे डोळे कुठे असतात?'

गुजरीतल्या एका सोनारकाकांचं सांगते. सत्तरीचे गृहस्थ, शाळेपासून वजा तीनचा नंबर. दागिना हातात घेतला की चष्मा काढून बाजूला ठेवायचा आणि उघड्या डोळ्यांनी कोंदणात खडा बसवायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "मॅडम, पैशाचं बघू नका. सगळ्यात भारी लेन्स घाला, बाबांना चष्माच नको."

भारी म्हणजे त्याच्या मनात मल्टिफोकल होती. ही लेन्स आत येणारा प्रकाश दूरच्या आणि जवळच्या नजरेत वाटून देते. त्यामुळे चष्मा बराचसा सुटतो. पण मंद उजेडातले बारीक फरक थोडे पुसट होतात आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात. डोळा बाकी निरोगी असेल तर बहुतेकांना सवय होते. काकांना मात्र जुनी शुगर, आणि मागच्या पडद्यावर तिच्या खुणा उमटलेल्या. अशा डोळ्यात मल्टिफोकल नको, असं डॉक्टरांनी मुलाला स्पष्ट सांगितलं.

साधी मोनोफोकल ठरली. ती एकाच अंतरावर नीट दाखवते आणि सहसा ते अंतर दूरचं ठेवतात. काकांचं तसं केलं असतं तर रस्ता लख्ख दिसला असता, पण हातातल्या खड्यासाठी चष्मा लागला असता. मायनस नंबरवाल्यांची चष्मा काढून वाचायची सोय अशी एका ऑपरेशनमध्ये जाते. हे त्यांना आधी सांगितलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. काकांना आम्ही विचारून मुद्दाम वजा अडीचच्या आसपास नंबर शिल्लक राहील अशी पॉवर निवडली. त्या नंबराला सुमारे चाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे त्यांचे हात चालतात तिथेच, नजर लागते. बाहेर पडताना चष्मा घालावा लागतो, पण तो त्यांना नवा नाही.

हे सगळं मोजणीवर उभं असतं. मोठ्या माणसाचा डोळा साधारण तेवीस-चोवीस मिलिमीटर लांब असतो. ती लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली, तर नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. हिशोब चुकला की काय होतं, हे पहिल्याच लेन्सने दाखवलं. डोळ्यांचे सर्जन हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा डोळ्यात प्लॅस्टिकचं भिंग बसवलं. डोळ्याने ते स्वीकारलं, पण रुग्णाला मोठा मायनस नंबर आला. आकार नैसर्गिक भिंगावरून घेतला होता आणि प्लॅस्टिक त्याच्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं. तेव्हापासून भिंगाइतकाच त्याचा हिशोबही महत्त्वाचा ठरला आहे.

म्हणून 'मोतीबिंदू पिकू दे, मग बघू' म्हणत थांबू नका. फार पिकलेल्या मोतीबिंदूतून लांबी मोजणाऱ्या मशीनचा प्रकाश आरपार जात नाही. मग ध्वनिलहरींचा प्रोब थेट बुबुळाला टेकवून मोजावं लागतं, आणि तो जरासा दाबला गेला तरी लांबी कमी भरते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजणीआधी काही दिवस ती बंद ठेवावी लागते, तेही विसरू नका.

सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर तो भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सवर खर्च केलेले पैसे मला सार्थकी लागलेले वाटतात. इंडियन-इम्पोर्टेडच्या वादात मात्र फार अडकू नये. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब काढली आणि आपल्याकडे बनलेली लेन्स गरिबाच्या आवाक्यात आली. आज तिथल्या लेन्स परदेशातही जातात.

आणि ऑपरेशन झालं की लेन्सच्या खोक्यातलं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलंय ना, ते बघा. त्यावर कंपनी, मॉडेल आणि पॉवर असते. दुसऱ्या डोळ्याची वेळ आली की पहिल्यात काय घातलं आणि नंबर किती उरला, हे पाहूनच आम्हाला पुढची पॉवर ठरवायची असते.