गोळी तीच, गुण वेगळा

हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेल्या रुग्णाला अ‍ॅस्पिरिनच्या जोडीने अनेकदा क्लोपिडोग्रेल हे औषध दिले जाते. घरोघरी त्याला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. खरे तर या गोळीने रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. रक्तातील रक्तपट्टिका एकमेकींना चिकटून गुठळी तयार करतात. त्या चिकटण्याला ती आळा घालते. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ही गोळी चुकवायची नसते. पण काही रुग्णांनी ती नेमाने घेतली तरी त्यांच्या रक्तपट्टिका जवळजवळ पूर्वीसारख्याच चिकटत राहतात. असे का व्हावे? आणि ते कोणाच्या बाबतीत होईल, हे आधी सांगता येईल का?

यासाठी गोळीचा शरीरातील प्रवास पाहू. आपण गिळतो ते क्लोपिडोग्रेल स्वतः निष्क्रिय असते. शोषल्या गेलेल्या औषधापैकी सुमारे ८५ टक्के भागाचे शरीरातील काही विकरे निरुपयोगी पदार्थात रूपांतर करून टाकतात. उरलेल्या थोड्या भागावर यकृतातील विकरे दोन टप्प्यांत क्रिया करतात आणि तेव्हा कुठे खरे औषध तयार होते. आता हे औषध काय करते? रक्तपट्टिका एडीपी नावाचा पदार्थ सोडून एकमेकींना जणू हाक मारतात. ती हाक ऐकणारे एक प्रथिन रक्तपट्टिकेच्या पृष्ठभागावर असते. खरे औषध या प्रथिनाला कायमचे जखडून ठेवते. मग ती रक्तपट्टिका तिच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे जास्तीत जास्त ७ ते १० दिवस, त्या हाकेला ओ देत नाही.

थोडक्यात, बाजारातून आणतो तो कच्चा माल; औषध बनते ते यकृतात. या कामातील एक मुख्य विकर म्हणजे सीवायपी२सी१९. ते बनवण्याची कृती ज्या जनुकात असते, त्याची एक प्रत आपल्याला आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. काहींच्या प्रतीत एका ठिकाणी ‘जी’ या अक्षराऐवजी ‘ए’ असते. एवढ्याने जनुकाचे वाचन चुकते, प्रथिन अर्धवट राहते आणि विकर कामाचे उरत नाही. हे १९९४ मध्ये उलगडले.

सदोष प्रत किती जणांकडे असते? युरोपीय वंशाच्या लोकांत या जनुकाच्या दर १०० प्रतींपैकी सुमारे १५ सदोष असतात; भारतीय उपखंडात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आढळते. वर्गात याचा हिशेब सहज करता येईल. पिशवीत एक काळा आणि दोन पांढरे मणी टाका. न पाहता एक मणी काढा, नोंद करा, परत टाका आणि पुन्हा एक काढा. पहिला मणी आईकडून, दुसरा वडिलांकडून. दोन्ही काळे येण्याची शक्यता १/३ × १/३, म्हणजे १/९. एकच काळा येण्याची शक्यता ४/९ आणि एकही काळा न येण्याची ४/९. म्हणजे दर ९ जणांत साधारण एकाला दोन्ही प्रती सदोष मिळतात, तर चौघांना एक. युरोपीयांसाठी हाच हिशेब केल्यास दोन्ही प्रती सदोष असणारे जेमतेम २ टक्के येतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला : दोन्ही प्रती सदोष असतील तर औषधाचा परिणाम कमी होतो. मग प्रत्येकाचे जनुक तपासले की प्रश्न सुटला का?

इथे थोडे थांबायला हवे. पेनसिल्व्हेनियातील आमिश समाजाच्या ४२९ निरोगी व्यक्तींना हे औषध देऊन केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाच्या परिणामात माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातील सुमारे ७० टक्के आनुवंशिक असल्याचा अंदाज निघाला. पण या सदोष जनुकाने त्यातला केवळ १२ टक्के फरक उलगडला. वजन, मधुमेह, आम्लपित्तावरील ओमेप्राझोलसारखी गोळी (ती याच विकराला अडवते) आणि गोळी घ्यायला विसरणे, यांचाही परिणाम होतो.

पर्यायी औषधे आहेत. प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर या विकरावर फारशी अवलंबून नसतात. मात्र त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून सरसकट सर्वांना ती देणे बरे नव्हे. जनुक पाहून औषध निवडले तर काय होते? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सदोष प्रत असलेल्यांपैकी तपासणीनुसार औषध दिलेल्या गटात वर्षभरात ४ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ५.९ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला. फरक दिसला, पण तो केवळ योगायोग नाही असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही.

तेव्हा जनुकाची तपासणी म्हणजे भविष्यकथन नव्हे. ती धोका कमी की जास्त एवढे सांगते. निर्णय डॉक्टरांनी बाकीच्या गोष्टींशी ताडून घ्यायचा असतो. आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचावी असे आम्हांला वाटते : ‘मला ही गोळी लागू पडत नसेल’ अशा शंकेने ती परस्पर बंद करू नये. गुण कमी येणारी गोळीही अचानक सोडणे स्टेंट बसवलेल्या रुग्णाला महागात पडू शकते. शंका असेल तर ती डॉक्टरांना विचारावी.